भाषाशास्त्र शिकायचे म्हणजे काय शिकायचे?

गावातला एखादा मुलगा बी. ए. होतो आणि घरी येऊन सांगतो, "मी आता भाषाशास्त्राचं एम. ए. करणार." घरात पहिला प्रश्न उठतो, "म्हणजे कुठली भाषा शिकणार रे?" मुलगा म्हणतो, "कुठलीच नाही." झाले! आई काळजीत पडते, आणि वडील हातातले वर्तमानपत्र तोंडासमोर धरून गप्प बसतात.

त्यात त्यांचा काही दोष नाही. ज्याला चार भाषा येतात तो भाषाशास्त्रज्ञ, किंवा जो दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका काढतो तो भाषाशास्त्रज्ञ, अशी आपली समजूत असते. खरे पाहिले तर हा विषय भाषा बोलायला शिकवत नाही, आणि चुका काढायला तर मुळीच शिकवत नाही. माणूस बोलतो तेव्हा तो नेमके काय करतो, याचा शोध म्हणजे भाषाशास्त्र. विद्यापीठात अलीकडे त्याला भाषाविज्ञान म्हणतात. आपण आपले जुने नाव चालवू.

शोध कसा, ते आपण बसल्या जागी करून पाहू. लाजू नका, शेजारी कोणी हसले तर त्यालाही करायला लावा. तळहात तोंडासमोर धरा आणि म्हणा : काल, खाल. 'खाल' म्हणताना हाताला वाऱ्याचा झोत लागला, 'काल' म्हणताना लागला नाही. आता दोन बोटे गळ्यावर ठेवा आणि म्हणा : काल, गाल. 'गाल' म्हणताना गळ्यात थरथर अगोदरच सुरू होते. आणि 'घाल' म्हटले की थरथरही आहे आणि झोतही आहे. काल, खाल, गाल, घाल. पुढचा 'आल' चारीकडे तोच आहे. एवढ्याशा वाऱ्याने आणि थरथरीने चार निरनिराळे शब्द झाले. एम. ए.च्या पहिल्या सहामाहीत विद्यार्थी हेच करत असतो. फरक एवढाच, की त्याला मराठीपुरते थांबता येत नाही. जगातल्या कोणत्याही भाषेतला ध्वनी कानाने ओळखायचा, तोंडाने काढायचा आणि ठराविक चिन्हांनी कागदावर उतरवायचा, अशी तालीम असते. पूर्वी यासाठी मोठी यंत्रे लागत. आता साध्या संगणकावर आवाजाचे चित्र उमटते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही दरवर्षी पहिलीच्या वर्गाला क, ख, ग, घ, ङ म्हणून दाखवता. ती ओळ कोणी सहज लिहून ठेवलेली नाही. 'क'च्या ओळीला जीभ मागे घशाशी टेकते, 'च'ला पुढे सरकते, 'ट'ला टोक वर वळते, 'त'ला दातांना लागते आणि 'प'ला ओठच मिटतात. घशापासून ओठापर्यंत असा हा प्रवास आहे. आणि प्रत्येक ओळीत आधी थरथरीवाचूनचे दोन, मग थरथरीचे दोन, शेवटी नाकातला एक. आपल्याकडच्या प्राचीन शिक्षाकारांनी हे तोंडात बोट न घालता, नुसते लक्ष देऊन, ओळखले होते. इंग्रजी ए-बी-सी-डीला असली काही शिस्त नाही. या एका गोष्टीचा अभिमान आपण बाळगला तर तो फुकाचा ठरणार नाही.

पण लिपीला सगळेच दाखवता येते असेही नाही. 'जग' हा शब्द लिहून पाहा. 'हे जग मोठे आहे' यातला 'ज' आणि 'तू शंभर वर्षे जग' यातला 'ज' एकच आहे का? बोलून पाहा. दुसऱ्या 'ज'ला जीभ दातांच्या मुळाशी जाते. अक्षर एक, ध्वनी दोन, आणि त्या दोन ध्वनींनी अर्थ बदलला. आता याहून गमतीची गोष्ट. 'माझा' म्हणा आणि लगेच 'माझी' म्हणा. 'माझा'तला 'झ' दातांशी, 'माझी'तला टाळूशी! पुढे 'ई' आली की जीभ आपोआप मागे सरकते. हा नियम तुम्हाला कोणी शिकवला? आईने शिकवला नाही, मास्तरांनी शिकवला नाही. तीन वर्षांचे पोरसुद्धा तो बिनचूक पाळते, आणि तो नियम आहे हे साठ वर्षांच्या आजोबांना माहीत नसते. भाषाशास्त्राचा विद्यार्थी ज्या नियमांच्या मागे असतो ते हे असले नियम. कोणी आज्ञा करून घातलेले नियम त्याला नको असतात.

इथे शाळेशी संबंध येतो. विदर्भातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा वर्गात 'डोया' म्हणतो, 'काया' म्हणतो, 'जवय' म्हणतो, 'शायेत' जातो. मास्तर म्हणतात, "डोया नव्हे रे, डोळा! अशुद्ध बोलू नकोस." मुलगा दोन-चार वेळा असे ऐकतो आणि मग बोलायचेच सोडतो. आता त्याचे शब्द ओळीने मांडा : डोळा-डोया, काळा-काया, जवळ-जवय, शाळा-शाया. प्रमाण मराठीत जिथे जिथे ळ आहे, तिथे त्याच्या बोलीत य आहे. मुलाने 'काळा'चा कधी 'काया', कधी 'काना', कधी 'कापा' केला असता तर त्याला चूक म्हटले असते. हा तर काट्याच्या तोलाने नियम पाळतो आहे! प्रमाण भाषा शाळेत शिकवू नका असे मी म्हणत नाही. ती आलीच पाहिजे, कारण पुस्तके, अर्ज आणि परीक्षा तिच्यातच आहेत. पण 'तुझे चुकले' असे म्हणणे वेगळे आणि 'घरी आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात' असे म्हणणे वेगळे. दुसऱ्या वाक्याने मुलगा दोन बोली शिकतो. पहिल्याने त्याची एक जाते आणि दुसरी येतेच असे नाही.

शिवाय हे 'शुद्ध' शब्द तरी कुठून आले? संस्कृतात हस्त, सप्त, दुग्ध, अग्नी. प्राकृतात त्यांचे हत्थ, सत्त, दुद्ध, अग्गि झाले. मराठीत हात, सात, दूध, आग. जोडाक्षर आधी दुहेरी झाले, मग त्यातले एक गळले आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर लांबला. आमचे पंजाबी बांधव अजून हत्थ आणि सत्त म्हणतात. ते वाटेत एका मुक्कामावर थांबले, आपण पुढे आलो. संस्कृत पंडिताच्या कानाने ऐकले तर आपला 'हात' हा 'हस्त'चा अपभ्रंशच. एका पिढीची चूक पुढच्या पिढीचे व्याकरण होते, हा भाषेचा इतिहास आहे.

हा इतिहास शास्त्रीय रीतीने लावायला सुरुवात झाली त्याला सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली. १७८६ साली कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी भाषण केले आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मूळच्या असाव्यात असे सांगितले. मराठीपुरते बोलायचे तर झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. तो १९२० साली निघाला आणि १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो मराठीत आणला. पुढे ना. गो. कालेलकरांनी हा विषय साध्या मराठीत लिहून दाखवला. त्यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या पुस्तकाला १९६७ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तालुक्याच्या वाचनालयात सापडले तर अवश्य वाचा. भाषाशास्त्रावरचे पुस्तक असूनही ते कळते, हे मी मुद्दाम सांगतो.

भूगोलावरून सर्वेक्षणाची गोष्ट निघते. जॉर्ज ग्रिअर्सन या सनदी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी १८९४ च्या सुमारास हाती घेतली आणि १९२८ साली पुरी केली. १७९ भाषा आणि ५४४ बोली, अशी त्याची मोजदाद होती. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट जागोजागच्या लोकांकडून त्यांच्या बोलीत करवून घ्यायची, ही त्याची पद्धत. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. काम डोंगराएवढे. त्यात खोट एवढीच, की नमुने जमा करणारे बहुतेक सरकारी नोकरच होते. त्यांना या कामाची तालीम नव्हती, आणि साहेबाला पाठवायचा कागद म्हणून पुष्कळांनी तो सुधारून पाठवला असणार. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, काणकोणची कोंकणी अशा एकेका बोलीवर स्वतंत्र पुस्तके केली, आणि अलीकडच्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या गावांतून माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ती सर्वांना ऐकता येतील अशी संगणकावर ठेवली आहेत.

असे नमुने घेणे दिसते तितके सोपे नाही. विद्यार्थी असताना मी कृष्णाकाठच्या एका गावी प्रश्नांची यादी घेऊन गेलो होतो. एक म्हातारबाबा बसले होते. मी विचारले, "बाबा, याला काय म्हणता?" त्यांनी टोपी सारखी केली आणि सावकाश म्हणाले, "पाणी." मी लिहून घेतले. तासभर त्यांचे सगळे उच्चार पुस्तकासारखे. मग उन्हाने घसा सुकला म्हणून नातवाला हाक मारली, "आरं, पावण्यास्नी पानी आन की!" माझी तासाभराची वही फुकट गेली. शहरातला माणूस कागद-पेन्सिल घेऊन समोर बसला की लोक आपली बोली आत ठेवतात आणि पाहुण्यांसाठी राखलेली भाषा बाहेर काढतात. त्यामुळे विचारायचे कसे, थांबायचे केव्हा, कशावर बोलू द्यायचे, याचाच एक स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. मी यादी मिटली आणि मोटेचा विषय काढला. मग काय, नाडा, सोंदूर, थारोळं, धाव असे एकामागून एक शब्द येत राहिले. इंजिन आले, वीज आली, मोट गेली. हे शब्द त्या बाबांच्या तोंडातच तेवढे उरले होते.

शेतीच्या अवजारांचे शब्द या कामी फार उपयोगी पडतात. सातारा-सांगलीकडे कुळव म्हणतात, विदर्भ-खानदेशात वखर. इकडे पेरायला पाभर, तिकडे तिफण. असे शब्द गावोगाव विचारून नकाशावर मांडले की रेघा उमटतात, आणि त्या रेघा जिल्ह्यांच्या हद्दींशी जुळतीलच असे नाही. आपली मुलगी आपण कुठवर देतो, बाजाराला कुठे जातो, यावर त्या पुष्कळदा अवलंबून असतात.

शब्दापेक्षाही खोल जाणारी गोष्ट सांगतो. सांगलीजवळचे कुपवाड आज महानगरपालिकेत आहे. पण १९६० नंतरच्या दशकात ते तीनेक हजार वस्तीचे खेडे होते. तिथे जैन आणि लिंगायत घरांतून कन्नड, मुसलमान घरांतून उर्दू आणि इतर पुष्कळ घरांतून मराठी. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास करून १९७१ साली लेख प्रसिद्ध केला. आज जगभरच्या विद्यापीठांत तो वाचला जातो. त्यांना काय आढळले? तिथला मराठी माणूस म्हणे, "पाला जरा कापून घेऊन आलो." उर्दू बोलणारा म्हणे, "पाला जरा काट के ले के आया." कन्नड बोलणाऱ्याचे शब्द निराळे, पण क्रम तोच, जोड तीच. जणू एकाच साच्यात तीन धातू ओतावेत. कन्नडात बाप्या माणूस पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि बाकी सारी सृष्टी नपुंसकलिंगी असते. कुपवाडच्या मराठीनेही ती रीत उचलली होती. पूर आला की तिथे 'नदी आली' न म्हणता 'नदी आलं' म्हणत. शेकडो वर्षे लोकांनी घरात आपापली भाषा सोडली नाही आणि शेतावर एकमेकांशी बोलणेही सोडले नाही. दोन्ही राखायचे तर दुसरे काय होणार?

कोल्हापूरकडच्या बाया-मुली 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात त्यावर विनोद होतात. आता कन्नडात 'मी आलो' आणि 'मी आले' असा भेदच नाही. मग हा शेजाराचा परिणाम म्हणायचा का? एकदम 'हो' म्हणायचे नाही. कोणत्या गावी, कोणत्या वयाच्या बाया, कोणाशी बोलताना असे बोलतात, हे आधी मोजायचे. तुमच्या मुलाला दोन वर्षे हे धीर धरणेच शिकवतात.

आणि सगळ्याच भाषा मराठीच्या बहिणी-मावश्या आहेत असेही समजू नका. एकट्या महाराष्ट्रात पाहा. मराठी आणि खानदेशी संस्कृताच्या कुळातल्या, गोंडी आणि कोलामी तेलुगु-कन्नडाच्या कुळातल्या. मेळघाटातली कोरकू आणखी वेगळी, मुंडा कुळातली. तिचे नाते झारखंडकडच्या संताळी-मुंडारीशी. 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. संस्कृतासारखे तिला द्विवचनही आहे. बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक आहेत. त्यांनी कोरकूतून आणि मराठीतून पुष्कळ उसने घेतले आहे, पण ते बाजूला काढल्यावर जे उरते ते भारतातल्या कोणत्याच कुळात बसत नाही. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. मेळघाटातल्या शाळेत पहिल्या दिवशी पोर गप्प बसते ते बुजरे म्हणून नव्हे. मास्तर काय बोलतात तेच त्याला कळत नसते. 'डोया' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकाची भाषा एक पाऊल दूर. याला ती नदीपलीकडे. तिथे नेमलेल्या शिक्षकाने शंभर कोरकू शब्द आणि दहा वाक्ये आधी शिकून घेतली, तर पहिले वर्ष वाया जाणार नाही. असली बालपुस्तके आणि शब्दसंग्रह तयार करायला भाषाशास्त्र शिकलेली माणसे लागतात, आणि ती त्याच मुलखातली असतील तर फार बरे.

आता घरचा प्रश्न : शिकून पुढे काय? नोकरीची हमी देणारा हा विषय नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. शिकवणे, कोशाचे काम, पाठ्यपुस्तके, अनुवाद, आणि आता संगणकाला आपले बोलणे कळावे यासाठी चाललेले काम, या वाटा आहेत. जनगणनेतही हे शास्त्र लागते. २०११ साली लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. कोणी गावाचे नाव सांगितले, कोणी जातीचे. ती तपासून, जुळवून १,३६९ मातृभाषा ठरवल्या आणि त्यातून दहा हजारांवर बोलणारे असलेल्या १२१ भाषा निघाल्या. हे निवडणे-पाखडणे भाषाशास्त्राचेच.

पुण्याला येरवड्याच्या वाटेवर डेक्कन कॉलेज आहे. त्याची मुळे १८२१ सालच्या पाठशाळेत. १९३४ साली ते बंद झाले आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या काळात ते देशातले भाषाशास्त्राचे मोठे केंद्र झाले. १९४८ पासून तिथे संस्कृतचा महाकोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढलेल्या आहेत. अशोक केळकरांसारखे अभ्यासक तिथे शिकवून गेले. मुंबई विद्यापीठातही हा विभाग आहे. एम. ए.ला साधारणपणे कोणत्याही विषयाचा पदवीधर चालतो. विज्ञानाची, गणिताची मुलेही येतात आणि चांगली चमकतात. अडचण इंग्रजीची. पुस्तके बहुतेक इंग्रजी, त्यामुळे खेड्यातल्या मुलाला पहिले सहा महिने जड जातात. पण नमुने गोळा करायला गावी गेल्यावर पारडे फिरते. तिथे शहरातला मुलगा 'तिफण' कशाला म्हणतात ते विचारत बसतो, आणि आपला मुलगा तिचे दांडे मोजून सांगतो.

ज्यांना विद्यापीठात जायचे नाही त्यांनाही एक काम करता येईल. एक दोनशे पानी वही घ्या. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि बैलगाडीच्या, जात्याच्या, चुलीच्या, नांगराच्या एकेका भागाचे नाव विचारा. ऐकू येईल तसेच लिहा. न चा ण करू नका, य चा ळ करू नका. शब्दापुढे बोलणाऱ्याचे वय, बाई की बाप्या, माहेर कुठले, हे टिपा. माहेर विसरू नका, कारण बायका शब्द माहेरून आणतात. मोबाइल असेल तर आवाजही उतरवून घ्या, अर्थात आधी विचारून. आणि वहीच्या प्रत्येक पानावर गावाचे नाव आणि तारीख घाला.